हौसाबाईचं फिरतं कुंपण

फार पूर्वी एका माळावरच्या गावात घोडे पाळणारी एक बाई राहत होती. तिचं नाव हौसाबाई. त्या गावात शेतं थोडी आणि गवत उदंड, त्यामुळे माणसांपेक्षा घोडेच जास्त. आसपासचे लोक थट्टा करत, की या गावात पाहुणा आला तर आधी त्याच्या घोड्याला पाणी दाखवतात आणि मग आठवण झालीच तर पाहुण्याला. गोष्ट खरी होती, आणि गावाला तिचा अभिमानच होता.

या गावाकडे एक मान होता. दर उन्हाळ्यात राजाच्या पागेतल्या घोड्या आणि त्यांची शिंगरं घाटमाथ्यावरच्या हिरव्या कुरणात पोचवायची असत. वाट सात मुक्कामांची, आणि सातही मुक्काम उघड्या रानात. हे काम चार पिढ्या हौसाबाईच्या घराकडे चालत आलं होतं. सासऱ्यांनंतर नवऱ्याने केलं, नवरा गेल्यावर ती करू लागली. आजवर एक शिंगरूसुद्धा हरवलं नव्हतं.

उघड्या रानात घोडे सांभाळणं म्हणजे काही गंमत नव्हे. पाय बांधून ठेवावेत, तर दिवसभर चाललेल्या घोडीला मनसोक्त लोळता येत नाही आणि शिंगरू दोरात गुरफटतं. मोकळे सोडावेत, तर सकाळी नुसती टापांची माती उरते. म्हणून लागतं फिरतं कुंपण. संध्याकाळी घालायचं, सकाळी गुंडाळायचं आणि पुढच्या मुक्कामाला न्यायचं.

हौसाबाईचं कुंपण अगदी साधं होतं. हलक्या बांबूच्या काठ्या आणि बोटाएवढ्या अंबाडीच्या दोन दोऱ्या. एक घोडीच्या छातीच्या उंचीला, एक खाली शिंगरांसाठी. दोन्ही दोऱ्यांना वीत वीत अंतरावर पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या बांधलेल्या. हे कापड गावातल्या जुन्या धोतरांचं. कुणाचं धोतर विरलं की बायको ते धुऊन हौसाबाईकडे आणून देई. सगळं कुंपण गुंडाळलं की एका तट्टाच्या पाठीवर आरामात मावे.

त्या वर्षी राजाच्या पागेवर नवा पागेदार आला. माणूस वाईट नव्हता, पण त्याला सगळं भारदस्त लागे. त्याने ते कुंपण पाहिलं आणि नाक मुरडलं.

"राजाच्या घोड्या काय चिंध्यांच्या आड ठेवायच्या?" तो म्हणाला.

राजधानीतला एक ठेकेदार टपूनच बसला होता. त्याने लोखंडी खांबांचं आणि साखळ्यांचं कुंपण बनवून घेतलं होतं. ते वाहायला तीन बैलगाड्या लागत, पण उन्हात चमकलं की बघणाऱ्याचे डोळे दिपत. पागेदार खूश झाला. तरी चार पिढ्यांचं काम एका शब्दाने काढून घेणं त्याला बरं वाटेना. त्याने हुकूम काढला, की पागेतल्या तीस घोड्यांपैकी पंधरा हौसाबाईने घ्याव्यात आणि पंधरा ठेकेदाराने. पंधरा दिवसांनी दोघांनी अनोळखी माळावर एक मुक्काम करावा. दुसऱ्या दिवशी सकाळी महाराज स्वतः येतील. ज्याच्या घोड्या पुऱ्या आणि धडधाकट असतील, मान त्याचा.

घोड्या वाटून द्यायच्या दिवशी ठेकेदाराने कुंपण उभं केलं आणि दोन पैलवान बोलावले. पैलवानांनी दंड थोपटले, खांद्याने रेटा दिला, घामाघूम झाले. साखळी तसूभर हलली नाही. लोकांनी टाळ्या पिटल्या. मग एक पैलवान हौसाबाईच्या कुंपणाकडे वळला आणि त्याने दोरीवर नुसतं कोपर टेकवलं. चार काठ्या लागलीच आडव्या झाल्या. लोक पोट धरधरून हसले. कुणी म्हणालं, "हे कुंपण आहे की धुणं वाळत घातलंय?"

हौसाबाई पुढे झाली. काठ्या उचलल्या, दोरी गुंडाळली, पंधरा घोड्या घेतल्या आणि गावाची वाट धरली. पण मनातून तिला फार लागलं होतं.

संध्याकाळी गावचा पाटील तिच्या अंगणात आला. बिचाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"वहिनी, माझं ऐका," तो म्हणाला. "तुमच्या कुंपणावर माझा विश्वास आहे. पण महाराज येणार, सगळं राज्य बघणार. आपला लोहार आहे, घराघरातून लोखंड गोळा करतो. आपणही साखळ्या करू. उद्या मान गेला तर या गावाला ओळखणार कोण?"

हौसाबाईचंही मन डळमळलं. मान तिच्या एकटीचा नव्हताच. आपल्या हट्टापायी गावाचं नाव गेलं तर काय तोंड दाखवायचं? शेवटी ती म्हणाली, "लोहारदादांना सांगा, दहा हात साखळी करून द्या. आधी बघू."

तीन दिवसांनी साखळी आली. अंगणाच्या एका बाजूला हौसाबाईने ती ताणून बांधली, दुसऱ्या बाजूला आपली पट्ट्यांची दोरी. मग घरची सगळ्यात म्हातारी आणि शहाणी घोडी सोडली. उन्हं कलली होती. घोडी रमतगमत साखळीकडे गेली, थांबलीच नाही, आणि छातीने साखळीवर आपटली. दचकून मागच्या पायांवर उभी राहिली आणि वळून दुसऱ्या बाजूला धावली. तिथे मात्र पट्ट्यांपासून दोन हातांवर तिने पाय रोवले, कान टवकारले आणि शांतपणे गवत हुंगू लागली. हौसाबाईने तिला आणखी दोनदा सोडून पाहिलं. दोन्ही वेळा तसंच झालं.

"लोहारदादा, साखळी घेऊन जा," ती म्हणाली. "विहिरीच्या रहाटाला उपयोगी पडेल."

"अहो, पण गावाला काय सांगू मी?" पाटील कळवळून म्हणाला.

"सांगा, साखळी माणसांना दिसली, घोडीला दिसली नाही."

त्यानंतरचे दिवस तिने वाया घालवले नाहीत. रोज संध्याकाळी नव्या जागी कुंपण घालायचं. जागा ऐसपैस हवी, गवत हवं, दगड नकोत. कुंपण घालून झालं की सर्वांत पुढे चालणाऱ्या घोडीचा लगाम धरून दोरीच्या आतून तीन वळसे घालायचे. बाकीच्या आपोआप मागे येत आणि आपली हद्द ओळखून ठेवत. वळसे पुरे होईपर्यंत हौसाबाई स्वतःची चूलसुद्धा मांडत नसे. तिच्या सासऱ्यांनी घालून दिलेला हा नेम होता, आणि भूक लागली म्हणून तो कधी मोडला नव्हता.

ठेकेदाराकडेही पंधरा दिवस होते. त्याने ते साखळीला तेल लावण्यात घालवले. घोड्या राजधानीच्या तबेल्यातच उभ्या होत्या.

ठरल्या दिवशी दोघेही अनोळखी माळावर पोचले. पागेदाराने मधोमध आपला तंबू ठोकला. ठेकेदाराचं कुंपण मजबूत होतं पण तोकडं, कारण तीन गाड्यांत मावली तेवढीच साखळी. पंधरा घोड्या आणि शिंगरं त्यात दाटीवाटीने उभी राहिली. हौसाबाईने दोरी पार लांबवर फिरवली, वळसे घातले आणि मग चुलीसाठी दगड शोधू लागली.

दिवस मावळायला अजून घटकाभर वेळ होता. इतक्यात पश्चिमेकडून वावटळ उठली. धुळीने माळ भरून गेला. पागेदाराच्या तंबूचे दोर तटातट तुटले आणि तंबू फडफडत दोन्ही कुंपणांच्या मधून उडाला. घोडे वाघाला भितात त्याहून जास्त उडत्या कापडाला भितात. तीसच्या तीस घोड्या उधळल्या.

ठेकेदाराच्या कुंपणात पळायला जागाच नव्हती. धुळीत साखळी दिसेना. पुढच्या घोड्या तिच्यावर आदळल्या, मागच्यांनी त्यांना रेटलं. एका शिंगराचा पुढचा पाय खालच्या साखळीत अडकला आणि ते आडवं पडून टाहो फोडू लागलं. एक खांब वाकला, आणि चार घोड्या त्यावरून उड्या मारून रानात पसार झाल्या.

इकडे हौसाबाईच्या घोड्याही जिवाच्या आकांताने पळत होत्या, पण गोल गोल. धुळीतही पांढऱ्या पट्ट्या फडफडताना दिसत होत्या आणि पट्टी दिसली की घोडी वळत होती. एक शिंगरू मात्र सरळ दोरीवर धडकलं. काठ्या आडव्या झाल्या, दोरी सैल पडली आणि शिंगरू कोलांटी खाऊन बाहेर गेलं. कुंपणाला दहा पावलांचं खिंडार पडलं. पागेदाराने डोळ्यांवर हात घेतला.

घोड्या खिंडारापाशी आल्या, थबकल्या आणि वळल्या. बाहेर पडलेलं शिंगरू उठलं, त्याने अंग झटकलं. त्याला खरचटलंसुद्धा नव्हतं. आतून आईने हाक दिली, तसं ते पडलेली दोरी ओलांडून परत आत आलं. हौसाबाई न धावता, एकेक पाऊल टाकत तिथे गेली आणि काठ्या पुन्हा उभ्या केल्या.

मग मात्र ती धावली, ती ठेकेदाराच्या कुंपणाकडे. अडकलेल्या शिंगरापाशी गुडघे टेकून तिने त्याच्या डोळ्यांवर पदर धरला. शिंगरू शांत झालं. "आता काढा साखळी. सावकाश," ती म्हणाली. ठेकेदाराने एकेक कडी सोडवली. पाय सुटला. कातडं सोललं होतं, पण हाड शाबूत होतं.

ठेकेदार तिथेच मातीत बसला. "पैलवानांच्यानंसुद्धा हललं नव्हतं हो हे कुंपण!" तो रडवेला होऊन म्हणाला.

"पैलवान त्यात राहणार नव्हते," हौसाबाई म्हणाली. "उठा. तुमच्याही घोड्या माझ्याकडे आणा. दोरी अजून आहे."

दोघांनी मिळून अकरा घोड्या आणि शिंगरं हलवली. वारा पडला तेव्हा पळालेल्या चार घोड्या आपणहून परत आल्या. रानात एकटं राहायला कुठल्या घोडीला आवडतं? त्या दोरीबाहेर येऊन आपल्या मैत्रिणींना नाक लावून उभ्या राहिल्या. हौसाबाईने दोरी खाली घेतली आणि चौघी आत आल्या. मग तिने सगळ्यांना घेऊन पुन्हा तीन वळसे घातले. त्या दिवशी तिच्या आधी ठेकेदारही जेवला नाही.

सकाळी राजा आला. मागून पाटील आणि अख्खं गाव आलं. राजाने पाहिलं, तर साखळीचं कुंपण रिकामं आणि तीसच्या तीस घोड्या पट्ट्यांच्या दोरीत निवांत चरताहेत. त्याने पागेदाराला विचारलं. पागेदाराने घडलं तसं सांगितलं, स्वतःची चूकही लपवली नाही. राजाने घोडा पुढे घेतला आणि वाकून एका बोटाने दोरी ढकलली. काठी झुकली.

"बाई, हे तर माझ्या बोटाने पडतंय," राजा म्हणाला. "एवढ्यानं माझ्या घोड्या थांबतात कशा?"

"महाराज, दोरी कुणाला अडवत नाही," हौसाबाई म्हणाली. "कुठवर जायचं ते सांगते. थांबतात त्या आपल्या मनाने."

राजाला हे बोलणं जरा जास्तच वाटलं. तो हसला आणि म्हणाला, "असं असेल तर काढा दोरी. सगळी."

पाटलाने कपाळाला हात लावला. चार पिढ्यांचा मान आता एका दोरीवर होता, आणि तीही काढायची होती! हौसाबाईने मात्र मान डोलावली. ती एका टोकापासून निघाली. काठी उपटायची, दोरी गुंडाळायची, पुढे जायचं. तिने घाई केली नाही. शेवटची काठी निघाली. माळावर ना दोरी राहिली, ना काठी, ना एक पट्टी. चहूकडे मोकळं रान होतं.

तीस घोड्या जिथल्या तिथे उभ्या होत्या. ओळखीच्या पंधरा थांबल्या म्हणून कालच्या पंधराही थांबल्या. सगळ्यांचे कान एकाच दिशेला होते, हौसाबाईकडे. गावातल्या बाया तोंडाला पदर लावून बघत होत्या.

हौसाबाईने दोरीचं वेटोळं तट्टावर चढवलं, घाटाच्या वाटेला लागली आणि मागे न बघता म्हणाली, "चला गं बायांनो."

तीस घोड्या आणि त्यांची शिंगरं तिच्या मागोमाग निघाली. राजा घोड्यावरून खाली उतरला आणि ती सगळी पुढे जाईपर्यंत बाजूला उभा राहिला. पाटलाने डोळे पुसले, पागेदाराकडे वळला आणि छाती काढून म्हणाला, "आमच्या गावच्या आहेत हौसाबाई."

तात्पर्य एवढंच: कुंपण कसं आहे हे बाहेरून ढकलणाऱ्याला विचारू नये, ज्याला आत राहायचंय त्याला विचारावं.