एका ठोक्याची घंटा

हां हां, पाव्हणं, एकदाच! दुसरा ठोका मारायचा नाही इथं. शहरातनं येता आणि घंटा दिसली की ठणाणा सुरू. आधी नीट बघा तरी. ही घंटा नव्हेच. जर्मन रणगाड्याच्या तोफगोळ्याची पितळी पुंगळी आहे ही. गोळा सुटला की मागं रिकामी उरते ती. आमच्या सर्जेराव पिसाळांनी इटलीहून आणून भैरोबापुढं टांगली.

दुसऱ्या महायुद्धातली गोष्ट. सर्जेराव पलटणीत नाईक, आणि त्यांचा मेहुणा दौलती त्यांच्याच तुकडीत शिपाई. निघताना बहिणीनं, म्हणजे दौलतीच्या बायकोनं, अनसूयेनं, त्यांना ह्याच पायरीवर हात ठेवायला लावला होता. "दादा, एकटा येऊ नगंस," एवढंच म्हणाली.

आणि नेमका दौलतीच पडला. इटलीतल्या एका गावची अरुंद गल्ली, मांडीत गोळी लागून तो उघड्यावर, आणि गल्लीच्या तोंडाशी रणगाडा. बाकीची तुकडी भिंतीआड. एकेका गोळ्याला अख्खं घर खाली बसायचं, असं सांगतात. दौलतीला आणायला दोघं गेले, ते परत आले नाहीत.

मग सर्जेराव कान देऊन बसले. एक गोळा सुटला की आतल्या गड्याला पुंगळी काढून नवा जड गोळा भरावा लागतो. त्याला वेळ लागणारच की! सर्जेराव तोंडातल्या तोंडात म्हणू लागले, "भैरोबाच्या नावानं चांगभलं." तीनदा म्हणून झालं की धडाम. पुन्हा तीनदा, पुन्हा धडाम. पहिल्याला पोचायचं, दुसऱ्याला उचलायचं, तिसऱ्याला भिंतीआड, असं त्यांनी ठरवलं.

गोळा फुटला तसे ते धावले. पण दौलती गडी कसला, नुसता बैल! पाठीवर घेईतो तिसरं चांगभलं संपलं. भिंत अजून वीस पावलं, आणि तोफेचं तोंड थेट त्यांच्यावर. सर्जेराव म्हणे पळायचंच विसरले, डोळे मिटून चालत राहिले. चौथं चांगभलं झालं, पाचवं झालं. तोफ वाजलीच नाही.

संध्याकाळी रणगाडा सोडून जर्मन पळाले. गोळे संपले असतील, तोफ अडकली असेल, असं सगळे म्हणाले. सर्जेरावांना राहवेना, ते स्वतः बघायला गेले. पलटणीच्या मिस्त्रीनं तोफ मागून उघडली, तर गोळा आत भरलेला. सुरळीत बाहेर आला. कुठं अडकलेला नाही, काही नाही. आधीच्या गोळ्याची ही रिकामी पुंगळी तिथंच पडलेली, ती सर्जेरावांनी उचलून आणली.

गाव म्हणालं, भैरोबानं त्या तोफवाल्याचा हात धरला. धरला असेल बाबा, मी कशाला नाही म्हणू? पण ही पुंगळी टांगली त्या दिवशी पहिला ठोका अनसूयाबाईंनी दिला, आणि लोक पुढं सरकले तशी बाई आडवी उभी राहिली. "त्यानं हात आवरला म्हणून माझं कुंकू हाय. आता आपणबी हात आवरायचा."

आजही इथं एकच ठोका देतात. मग तीनदा भैरोबाच्या नावानं चांगभलं, आणि चौथं त्या तोफवाल्याचं. त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही. म्हणून आम्ही नुसतं "त्याच्या नावानं" म्हणतो.