पाटलांचा नारळ आणि वायूची नळी

एका डोंगराच्या उतारावर तीन गावं होती. वरच्या गावात खडकाच्या भेगेतून एक वायू यायचा. दिसायचा नाही, पण विस्तव दाखवला की निळा पेटायचा. खालचं गाव त्याच वायूवर भट्टी चालवून काचेच्या बांगड्या करायचं. वायू खाली यायचा बांबूच्या नळीतून आणि ती नळी जायची मधल्या गावातून.

मधल्या गावाचं बरं चाललं होतं. नळीवर त्यांच्याही चुली पेटायच्या आणि त्यांच्या प्रत्येक नवरीला खालच्या गावाकडून हिरवा चुडा यायचा. चावडीसमोर नळीला एक लाकडी बूच होतं, दुरुस्तीच्या वेळी वायू थांबवायला. एरवी त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नसे.

मग गावाला नवे पाटील आले आणि त्यांना ते बूच दिसलं.

देवीच्या जत्रेत रिवाजाप्रमाणे मानाचा पहिला नारळ वरच्या गावाला गेला आणि दुसरा मधल्या गावाला. पाटलांचं डोकं फिरलं.

"वायू आमच्या दारातून जातो आणि आम्हाला दुसरा नारळ? पहिला येईपर्यंत बूच बंद!"

खालच्या गावाची भट्टी सांभाळणारी बाई धावत आली. "पाटील, भट्टी विझली तर वितळलेली काच मुशीच्या भांड्यातच गोठते आणि मूस तडकते. मग सगळं गाव हात चोळत बसेल. आधी वायू सोडा, नारळाचं उद्या पंचांना विचारू."

"आधी नारळ," पाटील म्हणाले.

वरच्या गावाने आपला नारळ पाठवला, वायू सुटला, पण तोवर मुशी तडकल्या होत्या. वर अडलेला वायू भेगेतून उसळला, कुठल्याशा ठिणगीने पेटला आणि वरच्या गावाचं गवत जळून गेलं. पाटील मात्र नारळ घेऊन गावभर मिरवले. असल्या माणसाचा रागच येतो.

बाई भांडत बसली नाही. गावकऱ्यांना म्हणाली, "पाटलांना काय बोल लावायचा? एकाच नळीवर सगळ्या गावाचं पोट ठेवलं ते आपणच."

मग खालच्या आणि वरच्या गावाने मिळून डोंगराला वळसा घालून दुसरी नळी टाकायला घेतली. वाट लांबची, मध्ये ओढा, बांबू खांद्यावरून वाहायचे. वर्षभर दोन्ही गावांची दमछाक झाली. मधल्या गावातले लोक हसायचे, "जवळची वाट सोडून कुठे चाललेत हे!"

पुढच्या जत्रेत पहिला नारळ वाजतगाजत पाटलांकडे आला. तो घेऊन भट्टीवाली बाईच आली होती. पाटील खुशीत नारळ घेतात तोच पाटलीणबाई घरातून बाहेर आल्या.

"अहो, चूल विझली. नळीत वायूच नाही. देवीचा नैवेद्य अर्धा राहिलाय माझा!"

पाटलांनी बूच काढलं, घातलं, पुन्हा काढलं. काहीच आलं नाही.

"वरच्या गावाने ही नळी बंद केली," बाई म्हणाली. "दोन नळ्यांना पुरेल एवढा वायू डोंगरात नाही."

"आणि मला कोणी सांगितलं नाही?"

"तुम्हाला नारळ हवा होता, पाटील, तो दिला. आम्हाला वायू हवा होता, तो आम्ही तिकडून नेला."

त्या दिवसापासून मधल्या गावातल्या बाया लाकूडफाट्यासाठी रानात जाऊ लागल्या. वाट चावडीवरूनच होती. डोक्यावर मोळ्या घेतलेल्या बाया दिसल्या की पाटील उठून आत जात. बूच अजून तिथेच होतं, आता त्याच्याकडे पुन्हा कोणी पाहत नव्हतं.

तात्पर्य: दुसऱ्याच्या गरजेचं काही आपल्या दारातून जात असेल तर ते अडवू नये. ते दुसऱ्या दाराने जातं आणि जाताना आपल्या चुलीतला विस्तवही घेऊन जातं.