ठकूची काडी

फार फार वर्षांपूर्वी, घाटमाथ्यावर गाडीवाटही झाली नव्हती तेव्हा, उंबरधार नावाच्या वाडीत ठकू ढेबे नावाची बाई राहायची. तीन डोंगरांपलीकडे जांभूळ फुललं तरी तिला इथे चुलीपुढे वास यायचा, असं म्हणतात. सासूची आमटी करपली तरी आधी तिलाच कळायचं, पण तिथे ती बिचारी गप्प बसायची.

वाडीत घरटी एक पोकळ ओंडका वळचणीला टांगलेला असायचा आणि त्यात सातेरी मधमाश्या नांदायच्या. लेक सासरी निघाली की आई तिला माश्यांचा ओंडका आंदण द्यायची. ठकूचाही तसाच आला होता. पुढे तिची आई पटकीत गेली आणि माहेरचं म्हणून एवढंच उरलं. ठकू रोज सकाळी ओंडक्यापाशी जाऊन सुखदुःख सांगायची आणि माश्या तिच्या हातावर बसून ऐकायच्या, असं म्हणतात.

आता वाडीची एक रीत होती. कुणाच्या माश्या मेल्या, तर ओंडक्यात उरलेला मध शेजाऱ्यांच्या अशक्त माश्यांना चारायचा. मेल्या घरचा घास जित्या घराला. रीत मायेची होती, पण त्या मायेनेच घात केला.

एका वर्षी वरच्या आळीतल्या माश्या मरू लागल्या. आधी एका घरच्या, मग चार घरच्या. लोक जितक्या मायेने मध चारत, तितक्या माश्या जास्त मरत. एक दिवस पाण्याला जाताना ठकूला वास आला, कुजक्या सरसाचा. तिने मेल्या माश्यांचा एक ओंडका उघडला. पोळ्यावरची मेणाची टोपणं खचली होती. तिने पोळ्याच्या एका घरात गवताची काडी खुपसून हलकेच ओढली, तर आतली अळी विरघळून तिची बोटभर तपकिरी तार निघाली.

ती तडक वाडीचे कारभारी, गावनात्याने तिचे मामंजी, खंडू आखाडे यांच्याकडे गेली.

"मामंजी, रोग पिल्लांना हाय आन् तो मधातनं फिरतोय. चारू नका. जिथं तार निघंल, त्यो ओंडका जाळा."

"जित्या माश्या जाळायच्या व्हय गं?" म्हातारा म्हणाला. "आदी तुझा उघड. मग आमचं बघू."

ठकू हसत हसत त्यांना घरी घेऊन आली. मागे वाडी जमली. तिने आपला ओंडका उघडला आणि तिचं हसू मावळलं. मागच्याच महिन्यात तिनेही त्या मधाचे दोन द्रोण माश्यांना चारले होते. सगळ्या मुलखाचा वास घेणाऱ्या नाकाला घरचा तेवढा आला नव्हता. तिने काडी घातली, ओढली. तार निघाली.

खंडूलाच गलबलून आलं. "ऱ्हाऊ दे पोरी. एक ओंडका ऱ्हायला तर काय हुतंय?"

ठकू ढसाढसा रडली आणि कुदळ घेऊन परसात गेली. खड्डा तिने एकटीनेच खणला. जवळ जायला कुणाचा पाय उचलेना. तिन्हीसांजेला तिने हाक मारली, तशा रानात गेलेल्या तिच्या माश्या एकेक करून ओंडक्यात शिरल्या. एकीनेही नांगी मारली नाही. शेवटची तेवढी क्षणभर तिच्या कपाळावर टेकली आणि मगच आत गेली, असं म्हणतात. मग ठकूने ओंडक्याचं तोंड शेणमातीने लिंपलं आणि आईचं आंदण खड्ड्यात ठेवून पेटवलं.

दुसऱ्या दिवशी खंडू आपला ओंडका स्वतः खांद्यावर घेऊन आला. असे सहा ओंडके त्या खड्ड्यात गेले आणि बाकीची वाडी वाचली. पुढे दोन वर्षांनी कारवी फुलली, तेव्हा सुपाएवढं मोहोळ रानातून आलं आणि ठकूच्या पदरावर बसलं. ती ते तसंच सांभाळत घरी चालत गेली. सूप का टोपलं यावरून म्हातारी माणसं अजून भांडतात.

आजही पावसाळा सरला की उंबरधारेत पोळी तपासतात. आता ओंडके गेले, पेट्या आल्या. पण तपासायच्या काडीला ठकूची काडीच म्हणतात, आणि प्रत्येकजण ती आधी आपल्या पेटीत घालतो. तार निघाली तर कुणी दोष देत नाही. तिन्हीसांजेला घरटी एक माणूस खड्डा बुजवायला मूठभर माती घेऊन येतं. मग जिची पेटी जळते, तिच्या दोन्ही बाजूंना बायका उभ्या राहतात, आणि विस्तव विझेपर्यंत तिचे हात सोडत नाहीत.