थंडीचा म्हातारा घोडा

एकदा काय झालं, थंडी आली आणि परत जायचंच विसरली.

कुठे म्हणाल, तर खूप लांब. डोंगरापलीकडे डोंगर, त्याच्या पलीकडे आणखी डोंगर, आणि त्या सगळ्यांच्या ओंजळीत एक इवलंसं राज्य. आपल्याकडे थंडी म्हणजे काय, तर बाटलीतलं खोबरेल तेल गोठतं आणि आपण शेकोटीशी जाऊन बसतो. तिकडे नदी गोठायची, बरं का. अख्खी नदी! माणसं वरून चालत जायची.

त्या राज्याच्या राजाची एक पागा होती. पागा म्हणजे घोड्यांचं घर. ती सांभाळायची धुरपदाबाई. आधी तिचा नवरा सांभाळायचा, पण तो तापानं गेला. तेव्हा राजा स्वतः तिच्या दारात आला आणि म्हणाला, "धुरपदाबाई, घोडे तुमचा शब्द ऐकतात. आता ते तुमच्याच पदरात." त्या दिवशी तिनं पदर खोचला, तो खोचलाच. पोटी मूलबाळ नव्हतं. घोडे हेच तिचं गणगोत.

कोयरी नावाची एक खोडकर घोडी होती. कपाळावर कोयरीसारखा पांढरा ठिपका, म्हणून कोयरी. ढगोबा नावाचा एक थोराड करडा घोडा होता, सावकाश चालणारा. आणि भुंगा होता. काळाभोर, सगळ्यांत म्हातारा. त्याला शिंगरू असल्यापासून धुरपदाबाईनं आणि तिच्या नवऱ्यानं वाढवलेला. बाकीचेही पुष्कळ होते, पण सगळ्यांची नावं सांगत बसले तर उजाडेल.

दरवर्षी होळी झाली की थंडी आपला गाशा गुंडाळायची. त्या वर्षी होळी पेटवली, पण थंडी काही हलली नाही. पाडव्याला गुढ्या उभारल्या, तर गुढीच्या साखरगाठीवर बर्फ साचला. चैत्र सरला, वैशाख आला. थंडी आपली बसलीच.

मग काय झालं, आधी पाणी गोठलं. पागेपुढचा हौद दगडासारखा झाला. आणि घोड्याला पाणी मिळालं नाही ना, की त्याच्या पोटात चारा अडतो, पोट दुखतं, आणि घोडा हातचा जातो. म्हणून धुरपदाबाई उठल्याबरोबर पहार घेऊन हौद फोडायची. बर्फाच्या ढेपा चुलीवर वितळवायची. पाणी कोमट झालं की त्यात मिठाचा खडा टाकायची, म्हणजे घोडे दोन घोट जास्त पितात. लगाम घालायच्या आधी त्याचं लोखंड स्वतःच्या काखेत धरून ऊब द्यायची. गार लोखंड जिभेला चिकटलं तर सालटंच निघतं हो. आणि हे चाललेलं असताना कोयरी मागून तिचा पदर ओढायची.

मग वाटा गोठल्या. घोडे चालले की खुरांच्या खोबणीत बर्फाचे गोळे बसायचे आणि बिचारे खडावा घातल्यासारखे डगमगायचे. धुरपदाबाई एकेक पाय मांडीवर घ्यायची, गोळे उकरून काढायची, खुरांना तेल चोळायची. तिची बोटं भेगाळली. रक्त यायचं. ती चिंधी बांधायची आणि पुढचा पाय उचलायची.

आणि मग चारा संपला. पागेची गंजी संपली, गावाच्या गंज्या संपल्या. तेव्हा धुरपदाबाईनं काय केलं असेल? ती आपल्या घरावर चढली आणि छपराचं गवत उपसून घोड्यांना घातलं! आणि आपण घोंगडी घेऊन पागेत राहायला गेली, ढगोबा आणि भुंगा यांच्या मधे.

पण एका छपराचं गवत ते किती पुरणार? एके सकाळी राजा पागेत आला. डोळे सुजलेले, आवाज बसलेला.

"धुरपदाबाई," तो म्हणाला, "गावात लेकरांच्या ताटात अर्धी भाकरी येतेय. घोड्यांना घालायला माझ्याकडे काही उरलं नाही. दार उघडा. त्यांना मोकळं सोडा. रानात ज्याचं त्याचं नशीब."

रानात काय होतं? नुसता बर्फ. हे राजालाही माहीत होतं, म्हणून तर तो खाली बघून बोलत होता.

धुरपदाबाईनं भुंग्याच्या मानेवरून हात फिरवला. मग म्हणाली, "महाराज, मला एकदा वर डोंगरावर जाऊन येऊ द्या. थंडीला विचारते, बाई, तू जात का नाहीस?"

"थंडीला विचारता?"

"कुठेतरी राहत असेलच की ती. मी परत येईपर्यंत दार उघडू नका. एवढंच मागते."

राजाला वाटलं, उपाशीपोटी हिचं डोकं फिरलं. पण त्याला नाही म्हणवेना. त्यानं अंगावरची शाल काढून तिच्या खांद्यावर घातली. मग त्याच्या लक्षात आलं. "पण मग घोड्यांना पाणी कोण पाजणार?"

"तुम्ही."

"मी?"

"कोमट पाजा. आणि मिठाचा खडा विसरू नका."

मग धुरपदाबाईनं छपराच्या गवताचा शेवटचा भारा घेतला, गुळाची ढेप घेतली, पाण्याची कातडी पखाल घेतली आणि ढगोबाला घेऊन निघाली. ढगोबाच का? तर तो पाऊल टाकायच्या आधी विचार करायचा. बर्फात असाच सोबती हवा.

पहिल्या डोंगरावर वारा आडवा आला. असा वारा, की पुढे एक पाऊल टाकावं तर मागे दोन. मग ढगोबानंच मान खाली घातली, अंग तिरपं केलं, आणि धुरपदाबाई त्याच्या आडोशानं चालली.

दुसऱ्या डोंगरावर गोठलेला ओढा होता. आरशासारखा गुळगुळीत. ढगोबानं पाय ठेवला आणि मागे घेतला. धुरपदाबाईनं राजाच्या शालीकडे पाहिलं. भरजरी शाल हो! तिनं ती टराटरा फाडली, तिचे तुकडे ढगोबाच्या चारी खुरांना बांधले. आणि घोडा जरीचे मोजे घालून ओढा पार करून गेला. हसताय काय? खरंच सांगते.

तिसऱ्या डोंगराच्या माथ्यावर थंडी बसली होती.

वाटेत धुरपदाबाईनं शब्द जुळवून ठेवले होते. लाज नाही वाटत का, म्हणणार होती. आमची जनावरं मरताहेत आणि तू इथे आरामात बसलीस, म्हणणार होती. पण वर पोचली आणि बघते तो काय! एक पांढऱ्या केसांची बाई बर्फात मांडी घालून बसलेली. तिच्या मांडीवर एका भल्याथोरल्या घोड्याचं डोकं. दुधासारखा पांढरा घोडा, आडवा पडलेला. आणि ती बाई रडत होती. तिच्या डोळ्यांतून आसू निघायचा, वाऱ्यावर जायचा, आणि खाली गावावर बर्फ होऊन पडायचा.

धुरपदाबाई भांडण विसरली. "काय झालंय याला?" तिनं विचारलं.

"उठत नाही गं," थंडी म्हणाली. "दरवर्षी मी याच्यावर बसून डोंगरापलीकडे जाते. यंदा हा बसला तो बसलाच. याला टाकून मी कशी जाऊ?"

धुरपदाबाई गुडघ्यावर बसली. तिनं घोड्याच्या पोटाला कान लावला. धडधाकट घोड्याच्या पोटात कसं, ओढा वाहिल्यासारखं गुडगुडत असतं. इथे सगळं चिडीचूप.

"आई, याला खायला काय घालता?"

"बर्फ. माझ्याकडे दुसरं काय असणार?"

"आणि प्यायला?"

"बर्फच. आजवर त्यावर चाललं की त्याचं."

धुरपदाबाईनं घोड्याचे ओठ उचलून दात पाहिले. झिजून गेलेले. मग ती हळूच म्हणाली, "आई, तुमचा घोडा म्हातारा झालाय."

 थंडीला हे कुणी सांगितलंच नव्हतं. तिच्यापाशी जाऊन बोलणार तरी कोण?

मग धुरपदाबाई कामाला लागली. तिथे विस्तव पेटेना, थंडीच्या शेजारी कसा पेटेल? म्हणून तिनं पखालीत बर्फ भरला, गूळ फोडून घातला, आणि पखाल ढगोबाच्या झुलीखाली, त्याच्या पाठीशी लावली. ढगोबा शहारला, पण हलला नाही. मग त्याच्या अंगाच्या उबेनं हळूहळू पाणी झालं. ते गुळाचं पाणी तिनं पांढऱ्या घोड्याला घोटघोट पाजलं. गवताचा बोळा करून त्याचं पोट चोळलं. थंडीलाही शिकवलं, "असं चोळा, आई. गोल गोल." दोघी दोन बाजूंना बसून चोळत राहिल्या.

पण घोडा उठेना. धुरपदाबाईनं ओढला, थंडीनं ढकलला. छे! मग ढगोबा आपल्या सावकाश चालीनं पुढे आला, त्यानं पांढऱ्याच्या कानाशी तोंड नेलं आणि फुरफुरला. काय बोलला कोण जाणे. पण पांढऱ्यानं डोळे उघडले. पुढचे पाय टेकले. धडपडला, पुन्हा धडपडला, आणि उभा राहिला!

मग त्या दोघींनी त्याला माथ्यावर गोल गोल फिरवलं. फिरता फिरता त्याच्या पोटात गुडगुडलं. आणि मग, बरं का, त्यानं शेपटी उचलली आणि लीद टाकली! भलामोठा ढीग! धुरपदाबाईनं तर टाळ्याच वाजवल्या. लीद बघून एवढा आनंद जगात दुसऱ्या कुणाला झाला नसेल. थंडीही हसली. कितीतरी महिन्यांनी हसली.

"माग," थंडी म्हणाली. "काय हवं ते माग."

"आता तुम्ही निघा, आई. खाली माझे घोडे उपाशी आहेत."

थंडी घोड्यावर बसायला गेली, तर धुरपदाबाईनं तिचा हात धरला. "नाही. आता यानं तुम्हाला पाठीवर घ्यायचं नाही. याला हाताशी धरून चालत जायचं."

"पण मी कधी चाललेच नाही."

"चालाल. थकलात की थांबा. यालाही थांबू द्या."

मग तिनं शेवटच्या भाऱ्याचे दोन वाटे केले. एक ढगोबाला, एक पांढऱ्याला वाटेसाठी. आणि थंडी निघाली, घोड्याचा लगाम धरून, नव्यानं चालणाऱ्या लेकरासारखी. म्हणून हल्ली थंडी जाते ना, ती एकदम जात नाही. जरा जाते, मधेच थांबते, एखाद्या दिवशी मागे वळते, आणि पुन्हा निघते.

धुरपदाबाई डोंगर उतरायला लागली, तेव्हा दगडांवरून पाणी ठिबकत होतं. ओढा वाहायला लागला होता. पागेपाशी आली तर राजा दारातच उभा. बाह्या वर सरकवलेल्या, हात भेगाळलेले, केसांत गवताच्या काड्या. त्यानं आपल्या महालाच्या गाद्या फोडून त्यांतला पेंढा घोड्यांना घातला होता.

पण तो तिच्याकडे बघेना.

"धुरपदाबाई," तो म्हणाला, "मी फार जपलं हो. पाणी कोमटच दिलं. पण भुंगा काल गेला."

धुरपदाबाई तिथेच पायरीवर बसली. कोयरी मागून आली, पण आज तिनं पदर ओढला नाही. नुसतं नाक खांद्यावर टेकवलं.

मग धुरपदाबाईनं विचारलं, "महाराज, शेवटी तो एकटा होता का?"

"नाही. डोकं माझ्या मांडीवर होतं."

"मग झालं," ती म्हणाली. आणि मग रडली. राजाही तिच्या शेजारी पायरीवर बसून रडला. रडू यावं असंच होतं ते.

मग ऊन आलं. चांगलं, पिवळंधमक ऊन. कुरणात हिरवे कोंब फुटले. धुरपदाबाईनं पागेचं दार उघडलं आणि सगळे घोडे बाहेर धावले. जाऊन ओल्या मातीत पाय वर करकरून लोळले. त्यांच्या अंगावरचे थंडीतले दाट केस झडायला लागले. खराऱ्याचा एक हात फिरवला की मूठ मूठ केस निघायचे. चिमण्या यायच्या, ते केस चोचीत धरून न्यायच्या. त्या वर्षी त्या राज्यातली सगळी घरटी घोड्यांच्या केसांची झाली. पिल्लं त्यात ऊबदार झोपली.

तुम्हीही झोपा आता. गोधडी नीट घ्या. पाय उघडे टाकू नका.