सुगरणीचं घरटं आणि शिंपी पक्षी

फार जुनी गोष्ट. ओढ्याकाठच्या बाभळीवर एक सुगरण राहायची. शेजारचा शिंपी पक्षी टाके घालण्यात पटाईत होता. पण तो न विचारताच येई आणि तिचं घरटं उसवून नव्यानं शिवू लागे. एकदा ती अंडी उबवत असतानाच त्यानं तळ उसवला. एक अंडं घरंगळलं, ते तिनं कसंबसं पंखानं अडवलं.

"दादा, तुमच्यासारखा टाका मला जन्मात जमणार नाही," ती म्हणाली, "पण घर माझं आहे. आधी विचारत जा."

शिंपी ओशाळला. त्यानं तळ शिवून दिला. पुढच्या खेपेस तो फांदीवरच थांबला. "ताई, आता शिवू का?"

"पिल्लं झोपलीत. जरा थांबा."

तो दुपारभर उन्हात मुकाट्यानं बसून राहिला. सुगरणीला त्याचं फार कौतुक वाटलं. पिल्लं उठताच तिनं स्वतःहून त्याला आत बोलावलं.