चौथी पायरी

फार जुनी गोष्ट. तेव्हा माणसं जंगलाला विचारूनच आत शिरत. मंजुळा साळुंकी दूरच्या आश्रमात शिकून आपल्या उंबरावर परतली. तिला वाटलं होतं, सगळे किलबिलाट करत स्वागताला येतील. झाड मात्र चिडीचूप होतं.

"हळू बोल गं पोरी," शेजारची होलाकाकू कुजबुजली. "घुबडआजोबांनी सगळ्यांना मौनाचा नेम घालून दिलाय. वाणीच्या पायऱ्या चार. पोटात, काळजात, गळ्यात आणि चोचीत. पहिल्या तीन पवित्र, चौथी उष्टी."

"आणि धामण आली तर?"

"आली होती ना. माझ्या दोन अंड्यांतलं एक गेलं. सगळ्यांनी पाहिलं. मनातल्या मनात मला सावधही केलं म्हणे!"

मंजुळा तडक आजोबांकडे गेली. "आजोबा, त्या चार पायऱ्या मीही शिकले. पण पहिल्या तीन चढायच्या त्या चौथीवर पोचायलाच ना?"

"चार पावसाळे बाहेर काढलेस म्हणून आम्हाला शिकवतेस?" आजोबा डोळे न उघडता म्हणाले. "पुन्हा चोच उघडलीस, तर या झाडावर तुला जागा नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी धामण खोडावरून वर सरकू लागली. सगळं झाड डोळे मिटून पवित्र झालं होतं. मंजुळाच्या पोटात कळ उठली, काळजात तिचा अर्थ उमटला, गळ्यात शब्द दाटला. तिने एकदा आपल्या ढोलीकडे पाहिलं, मग काकूच्या उरलेल्या अंड्याकडे. जागा गेली तर गेली, असं तिने ठरवलं आणि चोच उघडली.