पंगत आणि फडकं

संगणकाच्या गाभ्यातल्या एका यादीला कुलूप, म्हणजे कोणता प्रोग्रॅम कधी आत शिरेल याचा नियम, बसवायचं काम निशिगंधाकडे होतं. यादी शंभर जणांनी एकदम वाचली तरी चालेल, पण दुरुस्ती करणाऱ्याला ती एकट्याला मिळायला हवी. तिचे साहेब राजोपाध्ये मात्र हटून बसले होते, "वाचणाऱ्याला दारात थांबवायचं नाही म्हणजे नाही!" एक वाचून उठायच्या आत दुसरा हजर, त्यामुळे बिचाऱ्या दुरुस्तीची पाळीच येईना. निशिगंधा तीन आठवडे कानीकपाळी ओरडत होती. साहेब ऐकतील तर शपथ. कँटीन सांभाळणाऱ्या आणि बैठकीत चहा देणाऱ्या यमुनामावशी हे सगळं रोज ऐकत होत्या.

एका दुपारी साहेब पाहुण्यांना घेऊन कँटीनमध्ये आले. टेबलावर आमटीचे ओघळ आणि भाताची शितं.

"मावशी, हे पुसलं का नाही?" साहेब कडाडले.

"पुसू कधी, साहेब? एक उठतोय तोवर दुसरा बसतोय. आणि खाणाऱ्याला दारात थांबवायचं नाही म्हणजे नाही!"

"अहो, बसलेत त्यांचं होऊ द्या, नव्यांना दाराशी थांबवा, फडकं मारा, मग सोडा आत! पंगत कधी पाहिली नाहीत का?"

"पाहिलीय की," मावशी मागच्या टेबलावर जेवणाऱ्या निशिगंधाकडे वळल्या. "निशाताई, साहेब काय म्हणाले ते लिहून घेतलंत ना?"

साहेब आधी लाल झाले, मग त्यांनाही हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी यादीलाही पंगतीचा नियम लागला आणि दुरुस्तीला पहिल्यांदा पाळी मिळाली. निशिगंधा मावशींचे पाय धरायला धावत कँटीनशी आली, तर मावशींनी फडकं उगारून तिला दारातच अडवलं.

"थांबा ताई, पुसणारी आत आहे!"

निशिगंधा हात जोडून, हसत, दारात थांबली.